गिरिजाचे पहिले मराठी शब्द

सोलापूर स्टेशनात गाडी शिरली तेव्हा गिरिजा खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली होती. आम्ही किती वर्षांनी घरी येत होतो! फलाटावर धाकटा भाऊ मल्लिनाथ उभा. त्यानं वाकून नमस्कार केला, माझ्या बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि गिरिजाला विचारलं, "वळखलं का काकाला?" ती त्याच्या शर्टाची बटणं बघत राहिली.

आमची ही नऊ वर्षांची लेक इंग्लंडात, लीड्सला शाळेत जाते. तिथले डॉक्टर तिला 'ऑटिस्टिक' म्हणतात. मराठी शब्द मला ठाऊक नाही. आपल्याच आत राहणारी, एवढंच सांगता येईल. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत म्हणते, तेही इंग्रजीच, कारण तिच्याशी एकाच भाषेत बोला असा डॉक्टरांचा सल्ला. तिच्यासारख्या मोजक्या मुलांचा वर्ग आहे, दारात गाडी येते, आणि चमचा धरण्यापासून सगळं बाई न कंटाळता शिकवतात. आपल्या गावात अशा मुलांचं काय होतं ते बघू, असं म्हणत मी निघालो होतो. खरं तर नाक मुरडायलाच.

शुक्रवार पेठेत पोचल्यावर कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी भाकरी) आणि शेंगाचटणीवर असा तुटून पडलो की नाक मुरडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अक्कलकोटला गेलो. मठापाशी गर्दीत गिरिजा कानांवर हात दाबून किंचाळू लागली. मी ओशाळून इकडंतिकडं बघत होतो. एका म्हाताऱ्या फुलवालीनं पोतं झटकून तिला सावलीत बोलावलं. "बा यव्वा, कुंदरू" (कानडीत: ये बाई, बस). मग तिच्या पायाला हात लावून मला म्हणाली, "स्वामींनी धरलंय हिला. रडू द्या की." लीड्सच्या बाई हे ऐकून काय म्हणतील, म्हणून मला हसू आलं. पण जागा त्या म्हातारीनं दिली होती.

त्या संध्याकाळी मल्लिनाथ घुटमळत माझ्याजवळ आला. त्याच्या मुलीला, शैलजाला, बघायला टेंभुर्णीचे पाहुणे येणार होते. "अण्णा, उद्या तेवढं गिरिजाला माडीवर ठेवा. घरात असलं काय हाय म्हणून कळलं, तर शैलीचं जुळायचं न्हाय की." मी लगेच हो म्हटलं. बायकोनं गिरिजाची चादर उचलून माडीवर नेली.

पाहुणे बसले, पोहे आले, आणि फोडणीच्या वासानं गिरिजा जिना उतरून थेट बैठकीत. मुलाच्या आईच्या बशीतले शेंगदाणे ती एकेक करून वेचू लागली.

"ही कुणाची वो?" त्या बाईंनी विचारलं.

शैलजानं हातातला ट्रे खाली ठेवला. मल्लिनाथ माझ्याकडे बघत होता.

"आमची नाही," मी म्हणालो. "शेजारची आहे."

"आमची नाही," गिरिजा म्हणाली. अगदी माझ्याच सुरात. तिनं उच्चारलेलं ते पहिलं मराठी.

पाहुणे हसले. शैलजाचं जमलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बायको आत वळली, आणि मला माझ्याच घरात कुठं बघावं कळेना.

परतीच्या गाडीत तिकीट तपासनिसानं विचारलं, "पोरगी तुमचीच का?" माझ्याआधी गिरिजानंच सांगून टाकलं, "आमची नाही." सगळा डबा हसला. मीही हसलो, आणि तोंड धुवायच्या निमित्तानं उठून गेलो.

लीड्सला शाळा उघडली त्या आठवड्यात बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चेहरा आनंदानं फुललेला. गिरिजा गावाकडचे शब्द घेऊन आली, नवं माणूस दिसलं की ते म्हणते, म्हणून आम्हीही शिकलो, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात दारातून गिरिजा आली. त्या आणि त्यांच्या मदतनीस बाई हात जोडून, वाकड्यातिकड्या उच्चारात एकदम म्हणाल्या, "आमची नाही, गिरिजा!"

"तुमच्याकडं नमस्काराला असंच म्हणतात ना?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

परदेशात काय काय सोयी आहेत, हे गावाकडच्या चार लोकांना सांगायचं म्हणून मी लिहायला बसलो होतो. त्या सोयी खऱ्या आहेत. पण रोज सकाळी चांगली माणसं माझ्या लेकीला प्रेमानं तेच शब्द म्हणतात, आणि त्यांचा अर्थ सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.