हात वर करणारा कोळी

आमच्या घरात भांडणंसुद्धा पत्रकाच्या भाषेत व्हायची. पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं तत्त्वासाठी, असं ते म्हणत. वाया गेलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले: निषेध, मागणी, जाहीर आवाहन. छापलेलं खोटं असू शकतं हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा ते मीच लिहिलेलं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. गावाबाहेरची आटलेली विहीर खोल करताना काठावरच्या बिळातून एक केसाळ कोळी निघाला, पाय पसरले तर तळहाताएवढा. मजुराने फावडं उचललं. मी काम बघायला गेले होते; हातातला डबा पुढे केला.

"बाई, ह्यो चावला तर माणूस पाणी मागत न्हाई."

"तसंबी कुठं हाय पाणी," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

मी तो घरी आणला. काचेच्या पेटीत निम्म्यापर्यंत माती, एक करवंटी लपायला आणि बाटलीच्या बुचात पाणी. त्या बुचावरून आईने घर डोक्यावर घेतलं.

"आपल्याला धा दिसाला टँकर, आन् ह्याला रोज बूच भरून?"

"बूचभरच की, माय."

"मग तुझ्या आंघोळीतलं दे."

मी दिलं. आणि मोबाइलवर सापडेल ते वाचत गेले. परदेशात असे कोळी पाळतात. तिकडच्या पुष्कळ जाती पोटावरचे केस झाडून समोरच्याला खाजवत ठेवतात. आपल्याकडच्यांजवळ ते हत्यार नाही. ते पळतात, आणि पळता आलं नाही तर चावतात. चावल्याने माणूस मरत नाही, पण हात सुजतो, पेटके येतात. कोळ्याला माणसाचा धोका त्याहून मोठा. त्याचं पोट इतकं नाजूक की कमरेच्या उंचीवरून पडला तरी फुटतो. म्हणून हातावर घ्यायचा नाही. हे सगळं मला पुढचं घडायच्या आधीच माहीत होतं.

छापखान्यातले चाचा वडिलांच्याही आधीपासून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. त्यांनी काही वाचलं नव्हतं, पण खिळे साफ करायचा कुंचला आणून दिला. "पहले पूछ ले, बेटा. हात घालण्याआधी विचारायचं." कुंचला हळूच मागच्या पायाला लावायचा. कोळी शांतपणे पुढे सरकला तर पेल्याखाली घेऊन पेटी साफ करायची. पुढचे पाय उचलून मागे कलला, खालचे काळे दात दाखवले, तर झाकण लावून निघून यायचं. चाचा म्हणत, "वो ना बोल रहा है. इतकं साफ 'नाही' तर माणूस पण बोलत नाही."

त्याच उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला लातूरपासून तोडून नवा जिल्हा करा, म्हणून तहसीलसमोर धरण्याचा मंडप उभा राहिला होता. पत्रकं वडिलांची, मजकूर माझा. कलेक्टर इथे बसला की टँकर वेळेवर येईल, असं मी लिहीत होते आणि मानतही होते. पण ज्यांच्यासाठी मंडप, ती माणसं टँकरच्या रांगेत. मंडपात सतरंजी आणि आम्ही सात-आठ जण. मग कोळी तिथे न्यायची अक्कल मला सुचली. लोक येतील, अंधश्रद्धेवर चार शब्द बोलता येतील.

लोक आले. पेटीला गराडा पडला, कुणी काचेवर टिचकी मारली, आणि कोळ्याने पुढचे पाय वर केले.

"अरे, हात वर केला की यानं!"

"ह्यो बी आपल्याच बाजूचा हाय!"

"बोल रे, जिल्हा झालाच पाहिजे!"

मंडप पहिल्यांदा भरला होता. तो हात वर करत नाही, घाबरलाय, हे मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी रात्रीतून पत्रक लिहिलं: मुका जीवसुद्धा हात वर करतो, तुम्ही कधी करणार? वडिलांनी पाठ थोपटली. चाचांनी खिळे जुळवले आणि जुळवताना मला एकदाच विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हणाले, "चाचा, असं बोलायची पद्धत असते."

तिसऱ्या दिवशी आंदोलनाच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "माझ्या हातावर ठिव. फोटो काढू."

"चावतो तो."

"तूच लिवलंस ना, आपला हाय म्हणून? मग आपल्याला कशाला चावंल?"

मी कुंचला लावला. त्याने पाय उचलले. पुन्हा लावला. तो आणखी मागे कलला, दात उघडले. चार मोबाइल वर झाले होते. मी तिसऱ्यांदा लावला नाही. पेल्यात घेतला आणि पेला त्यांच्या तळहातावर पालथा केला.

ते ओरडले, हात झटकला. कोळी व्यासपीठाच्या कडेवरून खाली फरशीवर पडला. आवाज अगदी बारीक झाला, पिकलेलं बोर पडल्यासारखा. पाय बराच वेळ हलत होते, एकेक आत मिटत गेले. तोवर सगळे अध्यक्षांना जीपमध्ये बसवत होते. खाली वाकलेली मी एकटीच होते.

अध्यक्ष लातूरच्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी परत आले, हाताला पट्टी, गळ्यात हार. मला नवा मजकूर सांगण्यात आला: आंदोलन चिरडण्यासाठी मंडपात विषारी प्राणी सोडला. मी नाही म्हणाले. मी दुसरंच लिहून दिलं, की कोळी मी आणला, त्याने तीन दिवस नको म्हटलं, मी ऐकलं नाही. वडिलांनी ते वाचून टेबलाच्या खणात टाकलं. "चळवळीचं नुकसान हुईल," म्हणाले, आणि विषारी प्राण्याचं पत्रक स्वतःच्या हाताने लिहिलं. चाचांना ताप आला होता म्हणे. खिळेही वडिलांनीच जुळवले.

रविवारी सभा झाली. अध्यक्षांच्या धैर्याबद्दल अभिनंदनाचा ठराव. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी केले. मंडप गच्च होता.

माझा हात खालीच होता. शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणाली, "वर कर की गं. दुखून राहिलाय का?"

मी म्हणाले, "न्हाई."

तिला वाटलं, दुखत नाही असं म्हणाले. तिने माझं मनगट धरलं आणि हात वर केला.