न हलणारी गादी

"मणक्यातली गादी दबलीय," डॉक्टर म्हणाले. त्यावर आमचे हे पटकन म्हणाले, "घरातली बी दबलीय."

डॉक्टर हसले नाहीत. "मग आधी तीच बदला. फार मऊ नको, अगदी फळीसारखी कडकही नको. कमरेला आधार देणारी बघा."

साताऱ्यात आमच्या घरी मी ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनवर वाकून पाठ गेलीच होती, त्यात गादी लग्नातली, कापसाची. पूर्वी पिंजारी यायचा, गादी उसवून कापूस पिंजून द्यायचा. आता तो गल्लीत फिरकत नाही. मधोमध खळगा पडला होता आणि आम्ही दोघंही झोपेत त्यात घरंगळायचो. ह्यांना त्याचं काही नव्हतं. अख्खी नोकरी फौजेत झालेली. जमीन असो नाहीतर ट्रकची फळी, पाठ टेकली की घोरणं सुरू.

आम्ही गाद्यांच्या दुकानात गेलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. "झोपून बघा," म्हणाल्या. भर दुकानात, रस्त्यावरून माणसं जातायत, आणि साडी नेसून आडवं व्हायचं! त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पडदा अर्धा ओढला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"नुसतं टेकून उठू नका. दहा मिनिटं पडा. आता कमरेखाली हात घाला. सहज आरपार गेला तर गादी कडक. अजिबात जात नसेल तर मऊ."

पहिलीवर हात आरपार गेला. दुसरीवर गेलाच नाही. शेजारी हे बूट काढून सावधान उभे राहिल्यासारखे आडवे झाले होते.

"लय मऊ हाय गं. चिखलात रुतल्यागत वाटतंय."

तिसरीला खाली कडक फोम होता आणि वर मेमरी फोमचा पातळ थर. त्यावर हात अडकत अडकत गेला. मी कुशीवर वळले तर खांदा हळूच आत गेला, पण कंबर लोंबली नाही. किती महिन्यांनी पाठ गप्प बसली होती. घेऊनच टाकावी, असं मनात आलं.

तेवढ्यात बाईंनी पाण्यानं भरलेला पेला माझ्या उशाजवळ ठेवला आणि ह्यांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पलीकडं जोरात बसा बघू." हे धपकन बसले. पाणी जराही हललं नाही. "बघा! साहेब कितीही कुशी बदलू देत, ताईंना कळणारसुद्धा नाही."

मी उठून चपला घातल्या. "विचार करून सांगते," म्हणाले आणि बाहेर आले.

"महाग वाटली व्हय?" ह्यांनी रस्त्यावर विचारलं.

"नाही."

"मग? चांगली तर व्हती."

पुढच्या गुऱ्हाळात उसाचा रस घेऊन बाकावर बसल्यावर मी सांगितलं. माझं बालपण कोयनानगरच्या वसाहतीतलं, वडील प्रकल्पावर नोकरीला. जमीन हलणं आम्हाला पावसापाण्यासारखं होतं, तरी कुणी गाफील राहायचं नाही. आई फळीवर ताटं मुद्दाम एकाला एक टेकवून ठेवायची, वाजली की कळावं म्हणून. मी लोखंडी खाटेच्या दांडीवर तळवा ठेवून झोपायचे. दांडी थरथरली की डोळे उघडायच्या आधी अंगणात. लग्नानंतर ह्यांच्या बदल्यांबरोबर कुठं कुठं राहिले, तरी एक हात पलंगाच्या कडेला लागल्याशिवाय मला झोप आली नाही. आणि आता पेल्यातलं पाणी हलू न देणारी गादी!

"मग हलल्याचं मला कळायचं कसं?" मी विचारलं.

हे हसतील असं वाटलं होतं. ते हातातला ग्लास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं, मी ढकलीन म्हणून धरून झोपतीस."

"तेही होतंच."

"एवढी वर्सं जागीच व्हतीस म्हण की."

मी रस संपवून उठले. त्यांनी आग्रह केला नाही. आम्ही गादी न घेताच घरी आलो.

पंधरवड्यानं आईला भेटायला गेलो. वडिलांच्या मागं ती कोयनानगरलाच भावाकडे राहते. घाटातल्या वळणांनी माझी पाठ मोडून आली होती. आई म्हणाली, "माझ्या पलंगावर पड जरा." मी टेकले आणि चमकले. फोमची गादी! भावानं आणलेली.

"आई, ह्याच्यावर तुला कळतं का, हललेलं?"

"न्हाई कळत."

"मग?"

"मग काय? कळलं तरी आता पळायला पाय कुटं हायत? सून हाय, पोरगा हाय, उचलून नेतील." ती माझ्या पायांवर पांघरूण घालत होती. "लय राखण केली बाई. आता झोपायला झोपती."

ताटांची फळी मला आठवत होती ती हिचीच. तिचं बोलणं मला आधी लागलं, जरा रागही आला. आम्हाला एवढं शिकवून ही एकटी मोकळी झाली! त्याच रागात कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि हात पोटावर होते.

परतल्यावर दुकानातली ती तिसरी गादी घेतली. जावयानं नवी मोटार दाखवावी तसे हे आल्यागेल्याला दाखवत होते. नव्या फोमचा वास जाईना म्हणून दोन दिवस गच्चीवर सावलीत टाकली. सुरुवातीला मी हात कडेला न्यायचेच. तिथं मऊ कापड लागायचं, दांडी नाही. आठवडाभर झोप तुटक तुटक झाली. ह्यांनाही कडक जमिनीची आठवण यायची, एकदोनदा ते खाली सतरंजीवर जाऊन झोपले.

मग एका सकाळी उठले तर ओट्यावर दूध तापवून ठेवलेलं होतं, अंगणात सडा पडला होता आणि हे पेपर वाचत होते. ते शेजारून कधी उठले, मला पत्ताच नव्हता. "हाक मारायची," मी म्हणाले. "कशाला?" एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

पाठ पूर्ण बरी झालेली नाही. लग्नसराईत ब्लाउज साठले की संध्याकाळी ठणकतेच. पण सकाळी भिंतीला धरून उठायची वेळ आता येत नाही.