नकाशातली पडीत जागा

"हे घर नकाशात नाही," सभापती म्हणाले. "जे घर नाहीच, त्याची हरकत आम्ही कशी ऐकायची?"

गिरजामाय टेबलासमोर उभी होती. नकाशा बघायला ती जराशी वाकली. कारकुनानं नकाशा झटकन आपल्याकडे ओढला. "हात लावू नको." तिनं हात लावलाच नव्हता. दोन्ही हात पदरात धरले होते.

"मंग मायं घर कुठी गेलं, साहेब?" तिनं विचारलं.

सगळी कमिटी हसली. मी तिच्या मागे उभी होते. शाळेतून तशीच आले होते, बोटांना खडू होता.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. अकोल्याच्या कडेला, नाल्याच्या काठी आमची वस्ती. बाया कापसाच्या जिनमध्ये सरकी-रुईचं काम करायच्या, माणसं हमाली करायची. नगरपालिकेनं नवा रस्ता काढायचं ठरवलं. तो सरळ गेला असता तर जिनवाल्या शेठच्या आंबराईतून गेला असता. म्हणून तो तिथं वाकवला आणि आमच्या घरांवर आणला. नकाशात आमच्या जागी एकच शब्द लिहिला होता. पडीत. कुणाला हरकत असेल तर मुदतीत द्यावी, अशी नोटीस लागली. वस्तीत मॅट्रिक झालेली मी एकटी, नगरपालिकेच्याच शाळेत मास्तरीण. सगळ्यांच्या हरकती मीच लिहिल्या.

गिरजामाय माझी कुणी नात्याची नव्हती. माझी आई मी लहान असताना गेली. गिरजामाय जिनमधून पांढरीफटक होऊन यायची, अंगावरची रुई झटकायची आणि आधी मला भाकर द्यायची. मग स्वतः खायची. मी शिकले ती तिच्या भाकरीवर.

निकाल लागला. सगळ्यांच्या हरकती फेटाळल्या. एक मंजूर झाली. माझी.

सभापतींनी मला बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली. त्या कचेरीत आमच्यातल्या कुणाला खुर्ची मिळालेली मी कधी पाहिली नव्हती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "स्वतःला त्यांच्यात कशाला मोजता? तुमच्यासाठी रस्ता थोडा सरकवला आहे. आता त्या लोकांना समजवा. वर अपील-बिपील करू नका म्हणावं."

खरं सांगते. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. घर वाचलं, एवढंच डोक्यात आलं. 'त्यांच्यात' हा शब्द नंतर पोचला. कचेरीच्या पायऱ्या उतरताना. पण पोचला तो असा की चटका बसावा.

वस्तीत बातमी माझ्या आधी गेली होती. कुणी टोमणा मारला नाही. गिरजामाय दारात बसली होती. "बरं झालं, पोरी," ती म्हणाली. "तुयं तरी राह्यलं."

तिनं शिवी दिली असती तर मी ती सोसली असती.

दुसऱ्या दिवसापासून लोक सामान आणू लागले. घरं पडतील तेव्हा नेऊ, तोवर तुमच्याकडे राहू द्या, म्हणायचे. कुणाची पेटी, कुणाचं जातं, कुणाच्या पोराचा पाळणा. बाबा नाही कुणाला म्हणत नव्हते. शाळेत जाताना मला त्या सामानातून वाट काढावी लागायची. माझं घर म्हणजे पडणाऱ्या घरांची वखार झाली होती.

मी वकिलाकडे गेले. कलेक्टरसाहेबांकडे अपील करता येईल, ते म्हणाले, पण तुमच्या लोकांचं अपील टिकणं कठीण आहे. का, मी विचारलं. त्यांनी समजावलं. समोरचा वकील तुमच्या घराकडे बोट दाखवील. म्हणेल, कमिटी न्यायाची आहे, खऱ्या घराची हरकत तिनं ऐकली, बाकीची घरंच नव्हती.

म्हणजे माझं घर साक्षीदार होतं. त्यांच्या बाजूचं.

घरी आले. बाबा बाजेची दोरी ओढत होते. मी म्हणाले, सूट परत करते. आपलं घरही त्यांच्याबरोबर धरा, असं लिहून देते. बाबांचे हात थांबले.

"या भिंतीची माती म्या तुडवली," ते म्हणाले. "तुयी माय पानी वतत होती." त्यांनी दोरी पुन्हा ओढायला घेतली. "तुले करायचं ते कर. मले नको इचारू."

मी त्यांना विचारलं नव्हतंच. सांगितलं होतं. हे मला आजही टोचतं.

अर्ज घेऊन मी सभापतींसमोर उभी राहिले. त्यांनी वाचला. नोकरी नगरपालिकेची आहे हे ध्यानात ठेवा, म्हणाले.

"साहेब, मला त्यांच्यातच मोजा," मी म्हणाले.

अपील झालं. कलेक्टर कचेरीतला एक अधिकारी जागा बघायला आला. चुली बघितल्या, पोरं बघितली. वस्तीच्या कडेला असलेल्या भिंतीपलीकडे काय आहे, असं त्यानं विचारलं. आंबराई, मी म्हणाले. तो पुढच्या घराकडे वळला. हुकूम आला : ही जागा पडीत नाही, वस्ती आहे. घरं पाडण्याआधी लोकांना नदीपलीकडे प्लॉट द्यावेत. रस्ता मात्र आहे तिथूनच जाईल. माझी सूट रद्द.

घरं पाडायच्या दिवशी बाबांनी छपराची टिनं स्वतः उतरवली. मजुरांना हात लावू दिला नाही. पाचर निघेना तेव्हा मी पुढे झाले, तर मलाही त्यांनी बाजूला केलं. नव्या जागेत ते माझ्याशी बोलायचे. शाळेचं, बाजाराचं. घराचं कधीच नाही. गिरजामायला नदीपलीकडची हवा मानवली नाही. ती तिथंच गेली, आणि जाईपर्यंत मला म्हणत राहिली, पोरी, तू तुयं घर कावून पडू देल्लं? राहू द्याचं होतं.

दोघांचं ओझं माझ्यावर आहे. ते कुणी उतरवावं असं मला वाटत नाही.

नागपूरला कमिशनरसाहेबांकडे मी वरचं अपील टाकलं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, तुमची बदली होईल. होऊ दे, मी म्हणाले. वकील म्हणाले, बाई, रस्ता झाला, डांबर पडलं, आता काय मिळणार?

मला माहीत आहे रस्ता झाला. आमची चूल होती तिथूनच मी रोज शाळेत जाते. मला घर परत नको. शेठची आंबराई वाचवायला माणसांची घरं पाडली, एवढं सरकारनं आपल्या हातानं लिहून द्यावं. ते लिहून मिळेपर्यंत अपील मी मागे घेणार नाही.