दामूकाकांचा लाल त्रिकोण

गॅरेजमागे जुने टायर साठतात, तसे आमच्या घरात किस्से साठतात. आडगाव नाक्याजवळ आग्रा रोडला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. ड्रायव्हर मंडळी तिथे चहाला जमतात आणि मी आतल्या खिडकीत अभ्यासाला बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकू मात्र सगळं येतं. निम्मे किस्से एकट्या दामूकाकांचे!

*

ट्रक रस्त्यात बंद पडला की मागे काहीतरी खूण ठेवावी लागते. काका झाडाची फांदी ठेवायचे. एकदा निफाडजवळ त्यांनी बाभळीची हिरवीगार फांदी ठेवली आणि सावलीत जरा टेकले. आरटीओचे इन्स्पेक्टरसाहेब आले, तर रस्ता साफ!

"खूण कुठाय?"

"व्हती साहेब. शेळ्यांनी खाल्ली!"

साहेबांनी पहिली ताकीद लिहिली.

*

मग काका दगड ठेवू लागले. पण निघताना ते उचलायचे राहतात आणि मागून येणारा स्कूटरवाला आपटतो. अण्णांचा नियम कडक: ज्यानं ठेवले, त्यानंच उचलायचे!

एकदा चांदवडच्या अलीकडे ठेवलेले दगड काकांना थेट मालेगावात आठवले. ट्रकमधला माल उतरत होता, म्हणून बिचारे एस.टी.नं परत निघाले.

कंडक्टरनं विचारलं, "कुठलं तिकीट?"

"माझ्या दगडांपर्यंत द्या!"

*

पुढच्या वेळी काकांनी काकूंचं लाल लुगडं काठीला बांधून उभं केलं. थोड्या वेळात शेतातून चार माणसं आली.

"लगीन कुणाकडं हाय?"

त्यांच्या मागोमाग साहेब! "लुगडं चालणार नाही. चमकणारा त्रिकोण पाहिजे. आता तिसऱ्यांदा सापडलास, तर लायसन गेलं!"

त्या दिवशी काकांनी चहा तसाच ठेवला. ट्रक चालवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही.

*

अण्णांनी मुंबईहून त्रिकोण मागवला. तो आला नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पान्हे, जॅक यांच्याबरोबर काकूंनी त्रिकोणाचीही पूजा केली. कुंकू, झेंडूची माळ, सगळं. झालं!

"पुजलेली वस्तू धुळीत ठेवू? लय पाप लागंल!" म्हणत काकांनी त्रिकोण केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी बसवला.

"अरे दामू, तो मागच्या गाडीसाठी आहे!"

"मागच्या गाडीला बी देवच राखतो की, अण्णा!"

*

दिवाळीच्या आधी मी शाळेतून येत होते. वळणावर काकांचा ट्रक बंद. काका अण्णांना बोलवायला गेलेले, केबिनला कुलूप, मागे काहीच नाही. आणि लांबून साहेबांची जीप!

मी वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या, पन्नास पावलं मागे गेले आणि कडेला उभी राहून त्या दोन्ही हातांनी उंच धरल्या.

जीप थांबली. "तू कोण गं?"

वर्गात हजेरीलाही माझा आवाज निघत नाही. पण मी म्हणाले, "मी खूण."

तेवढ्यात काका आणि अण्णा धावत आले. साहेबांनी ताकिदीची वही उघडली. "दामू, त्रिकोण?"

"हाय साहेब!"

काकांनी केबिन उघडली. त्रिकोण दोन्ही हातांवर घेऊन ते हळूहळू चालत आले. वाळलेली माळ तशीच होती. त्यांनी तो माझ्या पायांपाशी मांडला, खांद्यावरचा रुमाल फिरवून पुसला आणि नमस्कार केला.

त्रिकोण चमकतो का, ते बघायला साहेब वाकले. कुंकू दिसलं, तसे थांबले. त्यांनी वही मिटून खिशात घातली. इकडेतिकडे पाहिलं.

मग त्यांनी पायातले बूट काढले.