कुणाकडून आलं, ते देवापाशी

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मला पुन्हा रक्त जायला लागलं. वसमतजवळच्या आमच्या शेतात हळदीची काढणी चालू होती. त्या गडबडीत मी कुणाला काही बोलले नाही. विटाळ समजून देवघरातला दिवा सुनेकडे दिला. माझं असं काय चुकलं म्हणून देवानं मला दूर लोटलं, हेच मनात घोळत राही.

एकादशीला मालकांबरोबर नरसीला गेले. ते नामदेवांच्या दर्शनाला आत गेले, मी बाहेरच बसले. शेजारी तांड्यावरची एक अनोळखी बाई टेकली होती.

"काहून आत न्हाई गेल्या?" तिनं विचारलं.

घरात न सांगितलेलं सगळं मी तिला सांगून बसले. ती म्हणाली, "पाळी गेल्यावरचं रक्त म्हंजी विटाळ न्हाई, बाई. माझ्या बहिणीनं असंच अंगावर काढलं, ती गेली. तुमी आजच दवाखान्यात जा." मालक बाहेर येताच तिनंच त्यांना सांगितलं, माझी तर मान वर होईना. आम्ही तिथून थेट हिंगोलीचा दवाखाना गाठला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हा होतो, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. लग्नानंतर मी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नव्हता. मालक आता मला काय समजतील, या धास्तीपुढे कॅन्सरची भीतीही मागे पडली. आणि खरं सांगते, तेव्हाच मला त्यांचाही संशय आला.

त्यांनी खाली बघतच विचारलं, "म्याडम, हे माझ्याकडून आलं का?"

"कुणाकडून, कधी, ते कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी लागतो आणि आपोआप जातो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं राहतो. यावरून एकमेकांवर बोट ठेवू नका."

नांदेडला किरणांचा शेक आणि केमोचं सलाईन सुरू झालं. अन्न पोटात टिकेना. मालक माझे खराब झालेले कपडे नळावर नेऊन धुवायचे. बायका बघायच्या, तरी लाजले नाहीत. एकदा कपडे वाळत घालून ते खाटेशी आले.

"तुझ्या मनात काही आसंल तर इचार," म्हणाले.

विचारायचं तर खूप होतं. मी डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, आतली गाठच सैल झाली.

"न्हाई. ते देवापाशी राहू द्या," मी म्हणाले. "तुमी मला पाणी द्या."

आज मी हिंडते-फिरते आहे. तपासण्या अजून चालू आहेत, नातीला या विषाणूवरची लसही देऊन आणली. देवाला शरण जाणं म्हणजे दुखणं बरं कर म्हणून हात जोडणं, असं मला वाटायचं. जे कधीच कळणार नाही ते त्याच्या पायाशी ठेवायचं, आणि समोरच्या माणसानं दिलेलं पाणी निःशंक मनानं प्यायचं, एवढंच मला त्या खाटेवर उमगलं. त्या दिवशी ते पाणी पोटात टिकलं.