वजनकाट्याची पूजा

तीस वर्षं मी आठवीच्या पोरांना सांगत आलो, की मोजायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघा. ज्यांनी बघितलं नाही त्यांचे मार्क कापले, काहींना पट्टीही बसली. ती पोरं आता बापे झालीत. त्यांतलं एखादं हे वाचत असेल तर त्यानं पोटभर हसून घ्यावं. रागवायचा जोर माझ्यात आता उरलेला नाही.

निवृत्तीनंतर गुडघे दुखतात, झोप लागत नाही, आणि दिवसभर घरात बसलो की बायको म्हणते, "जरा बाहेर जा, भिंतीही कंटाळल्यात तुम्हाला." म्हणून नगरजवळच्या एका रायफल क्लबाचा सभासद झालो. नेम असा, की पहिल्या महिन्यात माझी भोकं शेजारच्याच्या टार्गेटवर सापडली. मग क्लबानं मला बंदुकीपासून उचलून काडतुसं भरायच्या खोलीत बसवलं.

ही खोली हवालदारांची. पाथर्डीकडचे, फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेले, वय सत्तरीच्या पुढं. क्लबाकडे एक मॅग्नम रिव्हॉल्वर आहे. तिचं काडतूस नेहमीच्यापेक्षा लांब, जास्त दारू खाणारं आणि मनगटाला चांगला हिसका देणारं. ते सहजी मिळत नाही, म्हणून झाडलेल्या पुंगळ्या जपायच्या आणि क्लबाच्या परवान्यावर पुन्हा भरायच्या. पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलायची, वर गोळी दाबायची. मग दुसरी पुंगळी. काम म्हणजे निव्वळ कंटाळा, पण तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला तो मानवतो. पहिल्याच आठवड्यात मी चाळीस टोप्या उलट्या बसवल्या. हवालदार एवढंच म्हणाले, "मास्तर, पेन्शन मिळती ना येळेवर? मग बरं हाय."

वजनकाट्याला मात्र त्यांनी मला दोन वर्षं बोट लावू दिलं नाही. यंदा नवरात्राच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काट्यावरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनात. "काटा तुमी बघा," ते म्हणाले. म्हणताना खिडकीबाहेर बघत होते.

खंडेनवमीला क्लबात हत्यारांची पूजा असते. हवालदार डोळा दाखवायला दवाखान्यात गेलेले. मी सकाळीच काटा शून्यावर लावला आणि मग पूजेला बसलो. रायफली झाल्या, रिव्हॉल्वर झाली, पुंगळ्या दाबायचं यंत्र झालं. काट्यापाशी हात थबकला. काट्याला काही लावलेलं हवालदारांना खपणार नाही हे मला माहीत होतं. पण ज्याच्या जिवावर खोली चालते त्यालाच वगळायचं? मी अक्कल चालवली. दारू ठेवायची छोटी थाळी उचलली, तिच्या बुडाला ओलं कुंकू लावलं, त्यावर दोन अक्षता चिकटवल्या आणि थाळी होती तशी ठेवून दिली. देवीही खूश, हवालदारांनाही पत्ता नाही. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी दोन लाडू जास्त खाल्ले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पन्नास काडतुसं भरली.

"शून्य बघितला?" हवालदारांनी विचारलं.

"बघितला," मी म्हणालो. बघितला होताच. पूजेच्या आधी.

काम उरकल्यावर हात पुसत ते म्हणाले, "रविवारी दहा राऊंड मारतो यातले. काळ्यात बसले तर ठीक. न्हाई तर हत्यारांच्या खोलीच्या चाव्या कमिटीला देऊन टाकनार. ज्याला दिसत न्हाई त्यानं दुसऱ्याच्या हातात हत्यार देऊ ने." काळं म्हणजे टार्गेटच्या मधला काळा गोल. त्या चाव्या बारा वर्षं त्यांच्या कमरेला आहेत. गावी सुनेशी पटत नाही, बायको गेली. चाव्या गेल्या तर सकाळी उठून जायला या माणसाला जागा उरणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

रविवारी रेंजवर आम्ही दोघंच होतो. लाल झेंडा चढवला. समोर वाळूची पोती, मागं डोंगर. त्यांनी सावकाश दहा गोळ्या मारल्या. दर वेळी आवाज जरा बसकाच वाटला, पण माझे कान तरी कुठं जागेवर आहेत? टार्गेट आणलं. काळा गोल कोरा. सगळी भोकं त्याच्या खाली, पांढऱ्यात.

ते म्हणाले, "धक्का पन जानवला न्हाई, मास्तर. हात मेला माझा. कागद काढा. तुमचं अक्षर बरं हाय."

मी बाकावर बसून लिहायला लागलो. 'मा. अध्यक्ष, सविनय विनंती की...' एवढं लिहिलं आणि नजर पुन्हा टार्गेटवर गेली. दहाच्या दहा भोकं एका लिंबाखाली झाकली गेली असती. मेलेला हात असं मारत नाही. हात चांगलाच होता, कमी होती ती दारू.

"लघवीला जाऊन येतो," म्हणालो आणि खोलीत गेलो. थाळी उलटी केली. कुंकू सुकून घट्ट झालेलं, दोन्ही अक्षता जागच्या जागी. म्हणजे दर वेळी काट्यानं कुंकवाचं वजनही दारूतच धरलं होतं. नखानं खरवडलं असतं तर दोन मिनिटांचं काम. कुणाला कधी कळलं नसतं. तसा मी दोन मिनिटं उभाही राहिलो, खोटं कशाला सांगू.

मग थाळी तशीच उचलून त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, बोट फिरवलं. "ह्ये काय?"

"पूजा."

"वरनं का न्हाई केली?"

"तुम्ही ओरडला असता."

"म्हंजे अक्कल हुती," ते म्हणाले. "दारू आनखी कमी पडली असती तर गोळी नळीत अडकली असती. मागनं दुसरी मारली असती मी, नळी फुटली असती. मग माझीच पूजा करावी लागली असती तुमाला." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

उरलेली चाळीस काडतुसं मला एकेक करून उघडावी लागली. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं. हवालदार समोर बसून मोजत होते. निघताना सांगितलं, "उद्यापास्नं काट्याला हात लावायचा न्हाई."

पुढचा आठवडाभर त्यांनी भिंगातून रेघा बघत स्वतः दारू तोलली. वीस काडतुसांना तीन दिवस लागले. मी पुंगळ्या पुसत होतो. रविवारी पुन्हा दहा गोळ्या. मॅग्नम या वेळी मॅग्नमसारखी गरजली. नऊ भोकं काळ्यात, एक बाहेर, वर उजवीकडं.

मी घाईघाईनं म्हणालो, "ते एक काडतूस माझ्याकडून नीट पुसलं गेलं नसेल."

"गप बसा, मास्तर," टार्गेटची गुंडाळी करत ते म्हणाले. "ती गोळी माझी हाय. तिच्यात वाटा मागू नका."

चाव्या कमरेलाच राहिल्या. मी पुंगळ्या वेचायला खाली वाकलो आणि उठताना त्यांनाच मला हात द्यावा लागला.