नाव कापायला गेलो तेव्हा

निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश आला की आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय, नाव कसं कापून आणायचं. मी सातपूरला शिक्षिका, नवरा सिन्नरला शिक्षक. त्या वर्षी दोघांनाही आदेश आले. म्हणजे दोन दिवस आणि मधली रात्र दोघंही बाहेर, आणि मुलगी पाच वर्षांची. नवरा-बायको दोघं नोकरीत असले तर एकाला सूट देतात असं कळलं, म्हणून अर्ज केले आणि सुनावणीला मुलीलाही नेलं.

सूट मलाच हवी होती. उगाच कशाला खोटं बोलू? रिक्षात मी पोरीला पढवून ठेवलं, "साहेबांनी विचारलं ना, तर म्हणायचं, मी आईशिवाय झोपत नाही."

टेबलामागे तिघं होते, एक साहेब, एक डॉक्टर आणि एक मॅडम. साहेबांनी दोन्ही अर्ज चाळले. "एकच नाव कापता येईल. बोला, कोणाचं?"

"हिचं कापा," नवरा म्हणाला. सुटले बाई एकदाची! पण त्या मॅडमना काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे. मुलीला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळा, तू कोणाशिवाय झोपत नाहीस गं?"

"आई म्हणाली, आईशिवाय झोपत नाही असं सांग. पण मी बाबांजवळ झोपते."

सगळे खो खो हसले. बाहेरचा शिपाईसुद्धा. साहेबांनी हसत हसत नवऱ्याच्या नावावर काट मारली.

मला पेठकडचं एक गाव मिळालं. संध्याकाळी घरी फोन लावला. "रडली का रे?"

"छे! खिचडी खाल्ली, आता गोष्ट ऐकतेय."

थोडी रडली, असं म्हणायला याचं काय जात होतं? असा जळफळाट झाला माझा! नऊ महिने पोटात वाढवली मी, डबे मी करायचे, ताप आला की सुट्टी मी टाकायची, आणि गोष्टी मात्र याच्या. फोन ठेवून मी उगाचच माझ्यासोबत ड्यूटीवर आलेल्या बायकांवर खेकसले.

यंदा पुन्हा दोघांना आदेश आलेत. नवरा म्हणाला, "या वेळी तुझंच नाव कापून आणू. चल."

"नको. तूच राहा घरी."

"अगं, पण का?"

काय सांगणार? मुलगी आता सात वर्षांची आहे. पुन्हा कोणी विचारलं, तर या वेळी ती नीट विचार करून उत्तर देईल.